बाराची नळी, तेराचा शिक्का

जुनी दुनळी बंदूक विकत घेताना किंवा वारशाने हाती आल्यावर आपल्याकडे एक परीक्षा ठरलेली असते. बंदूक कमरेत मोडायची, आत काडतूस नाही याची खात्री करायची, नळ्या उजेडाकडे धरायच्या आणि आत डोकवायचे. आतून लख्ख दिसली की बंदूक चांगली. काळपट डाग आणि गंजाचे खड्डे दिसले की किंमत उतरली. नागाव, चौल, रेवदंडा या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये ज्या थोड्या घरांत आजोबा-पणजोबांपासूनचा परवाना चालत आला आहे, तिथेही हीच परीक्षा. मला ती अपुरीच नव्हे, तर धोक्याची वाटते. साठ-सत्तर पावसाळे समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात काढलेली नळी आतून लख्ख असेल, तर दोनच गोष्टी संभवतात. एक तर घरात कुणीतरी आयुष्यभर तिची निगुतीने निगा राखली, किंवा कधीतरी कुणीतरी आतले पोलाद कातून खड्डे घालवले. डोळ्यांना दोन्ही नळ्या सारख्याच दिसतात. पहिली बंदूक पुढच्या पिढीला देण्याजोगी असते, दुसरीची भिंत पातळ झालेली असते. कातून वाढवलेल्या या व्यासालाच ओव्हरबोअरिंग म्हणतात, आणि जुन्या बंदुकांबाबतचा सगळ्यात गुंतागुंतीचा वाद याच प्रश्नाभोवती आहे.

आधी आकडा समजून घेऊ. शुद्ध शिशाच्या एका पौंडाचे, म्हणजे ४५३.६ ग्रॅमचे, सारखे १२ गोळे केले तर एकेक गोळा ३७.८ ग्रॅमचा भरतो आणि त्याचा व्यास साधारण १८.५ मिलिमीटर, इंचात ०.७२९ येतो. हा गोळा ज्या नळीतून नेमका जाईल ती १२ बोअरची. १६ बोअरचा व्यास ०.६६२ इंच, २० बोअरचा ०.६१५. आकडा चढला की नळी अरुंद होते. ४१० ही तेवढी वेगळी. तिथे आकडा थेट इंचाच्या हजाराव्या भागांचा आहे. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चाकांच्या गाड्यांवर ठेवलेल्या दोन इंग्रजी तोफा अनेकांनी पाहिल्या असतील. यॉर्कशायरच्या लो मूर लोखंड कारखान्याचे नाव त्यांवर आहे. त्या काळी तोफाही गोळ्याच्या वजनावरूनच ओळखत, बारा पौंडी, चोवीस पौंडी अशा. तिथे आकडा चढला की तोफ मोठी. दिशा उलटी असली तरी रीत एकच आहे: माप वजनातून आले आहे, फूटपट्टीतून नव्हे. त्यामुळे ‘बारा बोअर’ हे मुळात एका वर्गाचे नाव आहे. त्या नावाखाली कारखान्यातून निघालेल्या सगळ्या नळ्या ०.७२९ इंचाच्याच होत्या असे मानून चालले, की पुढचा सगळा हिशेब चुकतो.

इंग्रजी कारागीर बारा बोअरचे काडतूस चालणारी बंदूक घडवताना नळी कधी थोडी आवळ ठेवत, कधी सैल. ते गिऱ्हाइकाच्या मागणीवर, कारागिराच्या मतावर आणि घराण्याच्या रीतीवर अवलंबून असे. जोसेफ लँग या लंडनच्या पेढीने तर १८९० च्या दशकात ‘व्हेना कॉन्ट्रॅक्टा’ नावाची बंदूक काढली होती. तिच्या मागच्या टोकाला काडतूस बाराचे बसे आणि नळी पुढे निमुळती होत वीस बोअरची होई. ती फार चालली नाही, पण आकड्याचे आणि प्रत्यक्ष मापाचे नाते किती ढिले होते हे तिच्यावरून कळते.

म्हणून शिक्के वाचायला हवेत. इंग्लंडमध्ये लंडनचे प्रूफ हाउस सतराव्या शतकापासूनचे, बर्मिंगहॅमचे १८१३ सालचे. विक्रीआधी प्रत्येक नळी तिथे नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार भरून उडवून पाहत आणि ती टिकली तरच शिक्का मारत. लाकडी पुढचा भाग काढून नळ्या उलट्या धरल्या, की मागच्या टोकाच्या सपाट पृष्ठांवर ही बारीक अक्षरे दिसतात. भिंग आणि तिरपा उजेड लागतो, कधी जुन्या तेलाचा थर मिथिलेटेड स्पिरिटने पुसावा लागतो. तिथे चौकटीत ‘१२ सी’ असे काहीतरी असेल, तर ते काडतुसाच्या घराचे माप. वेगळा कोरलेला १२, १३, ‘१२/१’ किंवा ‘१३/१’ हा आकडा नळीचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९५४ पर्यंत वापरात असलेल्या या पद्धतीत १३ म्हणजे ०.७१० इंच, १३/१ म्हणजे ०.७१९, १२ म्हणजे ०.७२९ आणि १२/१ म्हणजे ०.७४०. प्रूफ हाउसकडे या मापांच्या दांड्या असत. जी दांडी आत गेली आणि जिच्या पुढची गेली नाही, तिचा आकडा कोरत. म्हणजे शिक्क्यातला १२ हा ‘०.७२९ किंवा त्याहून थोडा जास्त, पण ०.७४० पेक्षा कमी’ असा वाचायचा. १९५४ च्या नियमांनंतर ब्रिटिश शिक्के दशांशात येऊ लागले. बेल्जियममधल्या लीजच्या बंदुकांवर, ज्या स्वस्त म्हणून आपल्याकडे बऱ्याच आल्या, माप मिलिमीटरमध्ये सापडते.

आता एक नळी जवळून पाहू. समजा मुंबईत काळा घोड्याजवळच्या आर्मी अँड नेव्हीच्या दुकानातून शंभर वर्षांपूर्वी घेतलेली दुनळी आहे. या दुकानाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बंदुका बर्मिंगहॅमचे कारागीर बनवून देत, आणि त्या घडणीत पक्क्या असत. शिक्का १३ चा आहे. नवी असताना नळी ०.७१२ इंच होती आणि सगळ्यात पातळ जागी भिंत २८ थाऊ, म्हणजे इंचाचे २८ हजारांश, भरत होती. आज आतला व्यास ०.७३२ भरतो. दुकानदार सांगेल, ‘बाराची बंदूक, बाराचेच माप, अगदी बरोबर.’ आकडा खरोखरच बाराच्या घरात बसतो. पण शिक्का तेराचा आहे! नळी वीस थाऊंनी फुगली आहे, दोन्ही बाजूंची भिंत दहा-दहा थाऊंनी झिजली आहे, आणि २८ ची जागा १८ वर आली आहे. इंग्लंडच्या बंदूक व्यवसायात जुन्या बाराच्या नळीसाठी २० थाऊ, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर, ही खालची हद्द मानतात. आपल्या उदाहरणातली बंदूक तिच्याही खाली गेली. उलट, शिक्का १२ चा असता आणि माप ०.७३५ आले असते, तर कदाचित त्या नळीला कुणी हातही लावलेला नसता. एकट्या मापावरून निकाल देता येत नाही. मूळ शिक्का आणि आजचे माप यांतला फरक हाच सगळा पुरावा.

ब्रिटिश नियमात व्यास मागच्या टोकापासून नऊ इंचांवर मोजतात. तो मूळ नोंदीपेक्षा दहा थाऊंनी वाढला, की बंदूक ‘प्रूफबाहेर’ गेली आणि पुन्हा प्रूफ करून घेतल्याशिवाय तिची विक्री तिथे गुन्हा ठरते. ही शिस्त १८६८ च्या कायद्यापासूनची आहे. आपल्याकडे परवान्यावर बंदुकीचा प्रकार, बोअर आणि क्रमांक असतो. नळीची भिंत किती उरली, हे त्या कागदावर कुठेच येत नाही. क्रमांक जुळला की तपासणी संपली.

नळीत एवढे खड्डे पडतात कशाने? दर्यावर राहणारा माणूस लगेच खाऱ्या हवेवर ठपका ठेवतो, आणि तो अर्धा बरोबर आहे. उरलेले अर्धे मीठ काडतुसातूनच येते. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला की त्याचे पोटॅशियम क्लोराइड होते, म्हणजे खाण्याच्या मिठाचे सख्खे भावंडच. ते नळीच्या आत बारीक थरात बसते आणि हवेतला ओलावा ओढते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत नागावात हवा कोरडी अशी नसतेच. हे मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळते. म्हणून काळ्या दारूच्या आणि क्लोरेट टोपीच्या जमान्यात जाणते शिकारी नळीतून कढत पाणी ओतत, कापसाच्या चिंध्यांनी ती खडखडीत कोरडी करत आणि मग तेल लावत. पाण्याने गंज चढतो या भीतीने ज्यांनी नुसती तेलाची चिंधी गजाने फिरवली, त्यांनी मिठावर तेलाचे पांघरूण घातले आणि खाली गंज आपले काम करत राहिला. खोबरेल तेलावरही माझा विश्वास नाही. ते थंडीत गोठते, जुने झाले की चिकट होते आणि नळीचे रक्षण करण्याऐवजी मळ धरून बसते. बंदूक कातडी म्यानात घालून महिनोन्‌महिने कपाटात ठेवणे हीदेखील तशीच सवय. कातडे ओलावा सोडत नाही. निवडणुकीच्या काळात बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, तेव्हा तर म्यानासकट बंदूक देण्याची रीतच पडली आहे.

गंजाचे खड्डे पडले की मालक कारागिराकडे जातो आणि ‘आतून साफ करून द्या’ म्हणतो. उथळ डाग असतील तर शिशाच्या दट्ट्याला एमरी लावून घासतात, त्याने थाऊ-दोन थाऊ जातात. खड्डे खोल असतील तर रीमर किंवा होन चालवतात, आणि खड्ड्याच्या तळापर्यंत पोहोचायचे तर सगळ्या भिंतीलाच तेवढे कातावे लागते. प्रत्येक पिढीत एकदा असे साफ करणे झाले, तर तिसऱ्या पिढीच्या हाती काय उरणार याचा हिशेब शाळकरी मुलगाही करील. यात आणखी एक आडवाट आहे. बाहेरून पडलेला पोचा काढल्यावर किंवा नवी काळसर झळाळी चढवण्याआधी नळी बाहेरून कानशीने आणि पॉलिश कागदाने घासतात. त्याने आतला व्यास बदलत नाही, बोअर गेज काहीच सांगत नाही, आणि भिंत मात्र जाते. म्हणून भिंतीची जाडी मोजणारे वेगळे गेज लागते. लांब दांडीचे एक टोक नळीत, दुसरे बाहेर, आणि डायलवर थेट जाडी. नळीभर फिरवून सगळ्यात कमी आकडा शोधायचा असतो. तो बहुधा मध्याच्या पुढे, मुखाच्या काही इंच अलीकडे सापडतो.

काही अनुभवी मंडळी म्हणतात, ‘दाब मागे असतो, पुढची भिंत पातळ झाली तर काय बिघडले?’ या म्हणण्यात तथ्य आहे. काडतूस उडाल्यावर दाबाची टोकाची पातळी पहिल्या दोन-तीन इंचांतच येऊन जाते, तिथे नळी जाडही असते. नऊ इंचांवर दाब पुष्कळच उतरलेला असतो. पण पातळ भिंतीचे संकट नेहमीच्या बारात येत नाही, अडथळ्याच्या वेळी येते. वाडीत पडून राहिलेल्या बंदुकीच्या मुखात कुंभारीण माशीने मातीचे घर केले, गज फिरवताना चिंधी आत अडकली, कमजोर काडतुसाचा बूच अर्ध्यात राहिला आणि दुसरा बार भरला, की छर्रे तिथे अडखळतात, मागचा दाब त्याच जागी चढतो, आणि मग २८ थाऊची भिंत फुगते तिथे १८ थाऊची फाटते. डावा हात त्या जागेपासून फार लांब नसतो. भिंतीची जाडी ही रोजच्या बारासाठी नसते, चुकीच्या दिवसासाठी असते.

ओव्हरबोअरिंगचा एक परिणाम मालकांच्या लक्षात फार उशिरा येतो. नळीच्या मुखाशी किंचित आवळलेला भाग म्हणजे चोक. १८६० आणि १८७० च्या दशकांत इंग्लंडात पेप आणि ग्रीनर यांनी तो रूढ केला, छर्रे जवळ-जवळ जावेत म्हणून. चोक मोजतात तो नळीच्या व्यासाशी तुलना करून: दहा थाऊचा फरक असेल तर पाव चोक, वीसचा अर्धा, चाळीसचा पूर्ण. आपल्या उदाहरणातल्या बंदुकीचे मुख ०.६९२ इंच असेल, तर ०.७१२ च्या नळीसाठी तो अर्धा चोक होता. नळी ०.७३२ केली आणि मुखाला हात लावला नाही, तर तोच आता पूर्ण चोक झाला. मालक म्हणतो, ‘साफ केल्यापासून बंदूक लांबवर मारते.’ मारत असेलही. पण त्याच बंदुकीत कुणी डुकरासाठी एलजीचे मोठे छर्रे भरले, तर आवळलेल्या मुखावर आणि त्यामागच्या पातळ भिंतीवर पूर्वी नसलेला ताण येतो. १८७५ नंतरच्या काही वर्षांतल्या चोक केलेल्या नळ्यांवर ‘गोळीसाठी नाही’ असा शिक्का इंग्रजीत असे. तो मारणाऱ्यांना हेच भय होते.

मग आधुनिक बंदुकांचे कारखाने मुद्दाम नळी मोठी का करतात, असा प्रश्न इंटरनेट पाहणारा तरुण वर्ग हमखास विचारतो. ब्राउनिंगच्या अनेक नव्या बंदुकांची नळी ०.७४२ इंचाच्या आसपास असते आणि त्याची जाहिरातही होते. मॉसबर्ग ८३५ ही बाराची बंदूक तर ०.७७५ इंचाची, म्हणजे दहा बोअरच्या मापाची नळी घेऊन येते. त्यामागची कल्पना अशी की रुंद नळीत छर्रे कमी चेपतात आणि गोल राहिलेला छर्रा सरळ जातो. जड छर्ऱ्यांच्या काडतुसात याचा थोडा फायदा होतो असे मला वाटते, जाहिरातीत सांगतात तेवढा नाही. पण या बंदुकांमागे दोन गोष्टी आधीच गृहीत धरलेल्या असतात. एक, नळी जाड पोलादाचीच करून मग रुंद केलेली असते. दुसरी, काडतुसातला प्लास्टिकच्या वाटीचा बूच, जो दाबाने फुलतो आणि रुंद नळीतही गॅस निसटू देत नाही. नमद्याचा किंवा पुठ्ठ्याचा जुना बूच तेवढा फुलत नाही; कातलेल्या जुन्या नळीत गॅस त्याच्या कडेने पुढे पळतो, छर्ऱ्यांत घुसतो आणि त्यांच्या फैलावाची नक्षी विस्कटते. नव्या बंदुकीसाठी केलेली रचना जुन्या बंदुकीच्या झिजेचे समर्थन म्हणून पुढे करणे मला मुळीच पटत नाही.

काडतुसाच्या लांबीचा धोका तर व्यासापेक्षाही जास्त गैरसमजांचा. जुन्या इंग्रजी बंदुकांचे घर बहुधा अडीच इंचांचे, म्हणजे ६५ मिलिमीटरचे असते. आज मिळणारी पुष्कळशी काडतुसे ७० मिलिमीटरची असतात. ही लांबी उडालेल्या, तोंड उघडलेल्या काडतुसाची असते. न उडालेले ७० चे काडतूस ६५ च्या घरात सहज बसते, बंदूक मिटते, आणि म्हणूनच फसगत होते. उडताना त्याचे तोंड उघडायला जागा नसते, ते पुढच्या निमुळत्या भागात घुसते आणि दाब चढतो. नळी कातलेली असेल, तर कमी झालेली भिंत आणि वाढलेला दाब यांची एकाच वेळी गाठ पडते. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची काडतुसे घेतानाही खोक्यावरची लांबी वाचून घ्यावी.

हे सगळे आज आठवण्याचे कारण साधे आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सर्वसामान्यांसाठी विदेशी बंदुकांची आयात बंद आहे. त्यामुळे जे इंग्रजी आणि बेल्जियन काम देशात आधी आले, तेवढेच फिरत राहिले. नवे येत नाही, म्हणून जुन्याला किंमत. किंमत आहे, म्हणून ते चकचकीत करून विकण्याचा मोह. मुरूडजवळचे फणसाड हे एके काळी जंजिऱ्याच्या नवाबांचे राखीव शिकारीचे रान होते, १९८६ साली ते अभयारण्य झाले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचा काळ संपवला, आणि ते योग्यच झाले. बंदुका मात्र घरांत राहिल्या, पिकाच्या राखणीच्या किंवा स्वसंरक्षणाच्या परवान्यावर. वर्षानुवर्षे न उडालेली बंदूक एका रात्री वाडीत डुकरांचा कळप शिरला म्हणून अचानक भरली जाते, आणि तिची शेवटची मोजणी कधी झाली हे कुणालाच ठाऊक नसते.

पातळ नळीवर उपाय आहेत, पण स्वस्त नाहीत. ब्रिटनमध्ये जुन्या नळ्यांचा मागचा तुकडा ठेवून पुढे नव्या नळ्या बसवतात आणि तसा स्पष्ट शिक्का मारून पुन्हा प्रूफ करतात. आत पातळ अस्तर बसवण्याची पद्धतही आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दुरुस्ती आणि फेरफार परवानाधारक कारागिरानेच करायचे असतात. गावातल्या लेथवर रीमर फिरवून घेणे हा नळीशीही आणि कायद्याशीही खेळ आहे. माझे स्वतःचे मत असे की खड्डे उथळ असतील आणि भिंत पुरेशी असेल, तर ते तसेच ठेवावेत. नीट धुतलेल्या, तेल लावलेल्या नळीतले जुने खड्डे पुढे वाढत नाहीत आणि छर्ऱ्यांच्या नक्षीवरही त्यांचा फारसा परिणाम होत नाही. खड्डे दिसतात म्हणून किंमत कमी आली तर येऊ द्यावी.

दमास्कस नळ्यांचा प्रश्न थोडा वेगळा. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून केलेल्या या नळ्यांच्या अंगावर लाटांसारखी नक्षी असते. त्या सगळ्याच काचेसारख्या फुटतात हा समज खरा नाही. काही नळ्या धूररहित दारूसाठीही प्रूफ झालेल्या आहेत. पण जोडांच्या रेषांत गंज खोल शिरतो आणि वरून दिसत नाही. अशी नळी कातलेली असेल तर मी ती कोणत्याही काडतुसाने उडवू नका असेच सांगेन.

राहिली ठासणीची बंदूक. हिच्यावर बहुधा कोणताच प्रूफचा शिक्का नसतो आणि बोअरचा आकडाही नसतो. मुंगेरच्या किंवा कुठल्या गावच्या लोहाराने नळी घडवली, मालकाने तिच्या मापाचा गोळा ओतून घेतला, संपले. मूळ माप नाही, तर झीज कशाशी ताडणार? इथे फक्त भिंतीची जाडी, कानाजवळच्या भोकाची अवस्था आणि मागच्या बुचाचा आटा पाहता येतो. आटा गंजाने खाल्लेला असेल, तर तो बूच बाराच्या दाबाने मागे, नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे सुटू शकतो. शिक्का असलेल्या दुनळीसाठी मात्र परवान्याच्या पाकिटात चार आकडे लिहिलेला एक कागद ठेवणे सहज जमण्यासारखे आहे: प्रत्येक नळीचा नऊ इंचांवरचा व्यास, मुखाचा व्यास, भिंतीची सगळ्यात कमी जाडी आणि काडतुसाच्या घराची लांबी, शेजारी तारीख आणि मोजणाऱ्या परवानाधारकाची सही. पुढच्या वेळी कुणी ‘साफ करून दिली’ म्हणाले, की त्या कागदाशेजारी नवा कागद ठेवून पाहता येईल.